मंगळवारची पहिली गाडी

आजच्या या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या वाचनालयाचे कार्यवाह माननीय भागवत सर, व्यासपीठावर विराजमान असलेले माझे जुने सोबती राधाकृष्ण, त्यांच्या शेजारी बसलेल्या आमच्या गंगूताई वहिनी, जिच्या निरोपासाठी आपण जमलो आहोत ती उत्सवमूर्ती अनुश्री, सूत्रसंचालक मधुवंतीताई, आणि माझ्या वसमतकर बंधू-भगिनींनो, ज्यांना पंख्याखालची खुर्ची मिळाली त्यांना आणि ज्यांना मिळाली नाही त्यांनाही माझा सविनय नमस्कार.

मधुवंतीताईंनी मला दहा मिनिटं दिली आहेत, आणि ती तोंडी नव्हे, चिठ्ठीवर लिहून दिली आहेत. माझा लौकिक त्यांच्या कानावर गेलेला दिसतो. कुरुंद्याच्या माणसाला दहा मिनिटं घसा साफ करायलाच लागतात. तरी मी प्रयत्न करतो. ताई, तुम्ही घंटी वाजवाच, पण जरा हळू वाजवा.

मी साहित्यिक नाही, वक्ता नाही. हळद पिकवणारा माणूस आहे. मॅट्रिक झालो आणि वावरात गेलो. या वाचनालयाचा मात्र बावन्न वर्षांचा वर्गणीदार आहे, आणि त्यातली तीन पुस्तकं मी अजून परत केलेली नाहीत. अध्यक्ष महाराज, आज मन मोकळं करायचंच ठरवलंय, तर लहान गुन्ह्यापासून सुरुवात केलेली बरी.

आता उत्सवमूर्तीबद्दल. अनुश्री ही आपल्याच गावची लेक. पुण्यात शिकली, आणि मागच्या जून महिन्यात तीन मोठाल्या पेट्या घेऊन परत आली. पेट्यांत काय होतं? चष्मे. हिरासिंग दुकानदार इथंच बसले आहेत, त्यांनी तिला विचारलं होतं, 'बेटा, इतने मोटे चश्मे किसके लिए?' मी पहिल्यांदा तो चष्मा पाहिला तेव्हा मला घाण्याच्या बैलाची झापड आठवली. फरक एवढाच की बैलाला झापड बांधली की काही दिसत नाही, आणि ही बांधली की जे समोर नाही ते सगळं दिसतं. मान वळवाल तिकडं दिसतं. मागं पाहा, वर पाहा. याला आभासी वास्तव म्हणतात असं भागवत सरांनी प्रास्ताविकात सांगितलंच. सर, तुम्हाला तो शब्द पाठ करायला किती दिवस लागले, ते मी सांगणार नाही.

या चष्म्यातून पाहायचा एक चित्रपट या पोरीनं आठ महिने खपून तयार केला. बारा मिनिटांचा. नाव 'भेटीचा वार'. विषय काय? तर आणीबाणीतला तुरुंग. पन्नास वर्षं झाली त्याला. समोर बसलेल्या निम्म्या मंडळींचा तेव्हा जन्मही नव्हता. कुणी चोरी केली नव्हती, कुणाचं डोकं फोडलं नव्हतं, तरी माणसं उचलून आत टाकली होती, आणि किती दिवसांसाठी तेही सांगितलं नव्हतं. जन्मठेपेच्या कैद्यालासुद्धा दिवस मोजता येतात, आम्हाला ते येत नव्हते.

'आम्हाला' म्हणालो. त्याचा खुलासा करतो.

राधाकृष्ण तेव्हा जिनिंगमध्ये कारकून होता. घरात देवळाची पूजा होती, अक्षर मोत्यासारखं होतं आणि डोक्यात आग होती. सरकारविरुद्ध पत्रकं लिहायचा हा, चक्रमुद्रणावर, म्हणजे सायक्लोस्टाइलवर, काढायचा हा, आणि गावोगाव पोचवायचं काम माझं. मी ती हळदीच्या पोत्यात घालून जवळा बाजार या गावी न्यायचो. एका आठवडी बाजारात पोलिसांनी पोतं पालथं केलं. पत्रकं निघाली, पण सगळी पिवळीधमक. फौजदार साहेबांचे हात पुढं तीन दिवस पिवळे होते, असं ऐकलं. कोणत्या पक्षाची पत्रकं होती ते आज राहू द्या. तो पक्षही आता तसा राहिला नाही आणि आम्हीही राहिलो नाही.

दोघांनाही धरलं. नोव्हेंबर महिना होता. पाच तासांवरच्या एका मोठ्या शहरातल्या तुरुंगात नेऊन घातलं. त्या तुरुंगाचं नाव मी मुद्दाम घेत नाही. तिथल्या शिपायांची नातवंडं आज चांगली शिकली-सवरली असतील, त्यांना उगीच तकलीफ कशाला?

तर अनुश्रीनं राधाकृष्णला रोज समोर बसवून ती कोठडी त्याच्या तोंडून ऐकली आणि कॉम्प्युटरवर उभी केली. मी एकदा पाहायला गेलो होतो. हा म्हणायचा, 'खिडकी अजून वर घे.' ती घ्यायची. 'अजून वर.' ती अजून वर घ्यायची. 'तेवढी नको गं, चिमणी बसलेली दिसायची तिथून.' असं करत करत पोरीनं खिडकी तिच्या जागेवर नेऊन बसवली. भिंतीचा पोपडा, पाण्याचं मडकं, दाढीचा जर्मनचा मग, सगळं बराबर.

चित्रपट तयार झाल्यावर पहिल्यांदा मला चष्मा लावला. मी कोठडीत उभा राहिलो आणि भिंतीला हात लावायला गेलो, तो भागवत सरांच्या पोटाला लागला. हसा, सरही हसले होते. पण मी त्या कोठडीत काय शोधत होतो, ते कुणाला ठाऊक नव्हतं. मी माझी वळकटी शोधत होतो. डाव्या भिंतीला असायची ती. नव्हती. राधाकृष्णनं पोरीला खिडकीची उंची सांगितली, चिमणी सांगितली, पण त्या कोठडीत पहिले तीन महिने दुसरा एक माणूस होता, हे सांगितलंच नाही.

काहून सांगितलं नाही? कारण सांगितलं असतं तर पोरीनं विचारलं असतं, 'मग ते कुठं गेले?' मी हमीपत्रावर सही करून घरी गेलो होतो. यापुढं असं करणार नाही, सरकारच्या धोरणांना माझा पाठिंबा आहे, असं लिहून दिलं. लोकांना सांगितलं की हळद काढणीला आली होती आणि बाप एकटा होता. ते खोटं नव्हतं. पण खरं कारण भीती हेच होतं. राधाकृष्णपुढंही तोच कागद ठेवला होता. त्यानं तो वाचला, त्यातली शुद्धलेखनाची चूक शिपायाला दाखवली आणि परत केला.

सही केली त्या दिवशी तो मला एक शब्द वाकडा बोलला नाही. मी वळकटी बांधत होतो तेव्हा एवढंच म्हणाला, 'किसन, घरी सांग, मंगळवारी भेट देतात.' मंगळवार हा भेटीचा वार होता. दर मंगळवारी हा गडी सकाळी दाढी करायचा, धुतलेला सदरा घालायचा आणि दाराशी बसायचा. त्याचे वडील थकलेले, भाऊ नोकरीच्या भीतीनं लांब राहिलेला. येणार तर वहिनीच. आणि वहिनी तेव्हा वीस वर्षांच्या, कडेवर नऊ महिन्यांचं लेकरू.

मी निरोप दिला. भेटीचा अर्जही मीच लिहून दिला, आणि महिन्याभरानं मंजुरी आली. मग ठरलं की मार्चातल्या अमुक मंगळवारी सकाळी साडेसहाच्या पहिल्या गाडीनं जायचं. कुणी कुणी? वहिनी आणि मी. ताई, घंटी वाजली ती ऐकू आली मला. अजून थोडं सहन करा. तुमची चिठ्ठी मी वहीत जपून ठेवणार आहे.

आता मागच्या महिन्यात याच दालनात काय झालं, ते पाहिलेले इथं पाच-सहा जणच आहेत. बाकीच्यांसाठी सांगतो.

चित्रपट कोठडीत सुरू होत नाही, तो तुरुंगाच्या फाटकावर सुरू होतो. ही या पोरीची करामत. तुम्ही भेटीला आलेला माणूस असता. समोर मोठं फाटक, त्यात लहान खिडकी, खिडकीत शिपाई. तो विचारतो, 'कुणाला भेटायचं? कैद्याचं नाव सांगा.' आणि चित्रपट थांबतो. तुम्ही तोंडानं काही बोललात तरच दार उघडतं. काहीही बोला, चालतं. एका गुरुजींनी घाबरून आपल्या मुख्याध्यापकांचं नाव सांगितलं. हिरासिंग म्हणाले, 'किसी को नहीं, घर जाना है.' तरी दार उघडलं.

त्या दिवशी वहिनींना चष्मा लावला. राधाकृष्ण तीन खुर्च्या सोडून बसला होता, मी खिडकीशी. शिपायानं विचारलं. एक मिनिट गेलं, दोन गेली. अनुश्रीला वाटलं, यंत्र बिघडलं. ती वाकून म्हणाली, 'आजी, नाव सांगा ना. म्हणजे दार उघडेल.'

वहिनी म्हणाल्या, 'ठाऊक आहे बाई मला. मागंही असंच विचारलं होतं यानं.'

आम्हाला कुणालाच कळेना. डोळ्यांवर झापड असल्यानं वहिनींना आम्ही दिसत नव्हतो. कोण ऐकतंय, कोण नाही, त्यांना पर्वा नव्हती. त्या शिपायाकडं पाहत पाहत बोलत राहिल्या.

म्हणाल्या, 'मी लेकरू शेजारी ठेवलं. दशम्या बांधल्या. स्टँडवर गेले. पहिली गाडी सोडली, दुसरीनं गेले. फाटकावर साडेबारा झाले होते. यानं विचारलं, नाव काय? आता नाव कसं घेऊ? सासूबाईंनी सांगितलेलं, धन्याचं नाव घेतलं की त्याचं आयुष्य एका दिवसानं कमी होतं. ते बाहेर असते तर घेतलंही असतं एखादे वेळी. पण माणूस तुरुंगात, आणि मी त्याचं आयुष्य कमी करू? मी म्हणाले, कागद द्या, लिहून देते. तर हा म्हणाला, इथं काय कागदाचा कारखाना आहे? तोंडानं सांग. लाज वाटत असेल तर उखाण्यात घे. आणि मागं रांगेतली माणसं हसली, आतले शिपाई हसले. एक जण म्हणाला, घ्या की बाई, घ्या, आम्ही थांबतो.'

तरुण मुली आज नवऱ्याला नावानं हाक मारतात, माझी नात आरोहीसुद्धा मारते आणि नातजावई तुरुतुरु येतो. त्यांना ही गोष्ट वेडेपणाची वाटेल. पण माझ्या वयाच्या बायकांना विचारा. उखाणा हा हळदीकुंकवात, सुनांच्या घोळक्यात, लाजत आणि मिरवत घ्यायचा असतो. तो तुरुंगाच्या फाटकावर, हसणाऱ्या बाप्यांपुढं घ्यायचा? वहिनी म्हणाल्या, 'मला चार उखाणे येत होते. एकही घेतला नाही. मागं फिरले. दशम्या स्टँडवरच्या गाईला घातल्या.'

घरी सासऱ्यांना सांगितलं, भेट मिळाली नाही. पुढं कधी जायचं नाव काढलं नाही, आणि अकरा महिन्यांनी राधाकृष्ण सुटून आला तेव्हा त्याला काहीच सांगितलं नाही. वहिनी म्हणाल्या, 'एका शब्दासाठी मी दारातून परत आले, हे कोणत्या तोंडानं सांगायचं?' आणि त्यानंही विचारलं नाही. त्याला वाटलं, बायको रागावली असेल. लेकरू पदरात टाकून नवरा तुरुंगात जाऊन बसला, रागावणारच. रागावलेल्या माणसाला काय विचारायचं? पन्नास वर्षं दोघं एका ताटात जेवले, पोरंबाळं मार्गी लावली, तीर्थयात्रा केल्या, पण त्या मंगळवारांबद्दल दोघंही बोलले नाहीत. सरकारी कागदावर कैदी एकच होता. बाकीच्यांची नोंद कोण ठेवणार?

तर वहिनींचं बोलून झालं. मग त्या खुर्चीत सावरून बसल्या, पदर नीट केला, आणि त्या खोट्या शिपायाला खणखणीत आवाजात म्हणाल्या, 'राधाकृष्ण.'

उखाणा नाही, काही नाही. नुसतं नाव. सत्तर वर्षांच्या बाईनं आयुष्यात पहिल्यांदा घेतलेलं. आणि दार उघडलं.

त्या आत गेल्या. पुढची दहा मिनिटं त्या मान वळवून वळवून काय पाहत होत्या ते आम्हाला दिसत नव्हतं. शेवटाकडं राधाकृष्णचा आवाज आहे, 'मंगळवारी दाढी करून दाराशी बसायचो.' तिथं आल्यावर वहिनींनी हात पुढं केला, कुणाच्या तरी गालावरून फिरवावा तसा. मी रडलो. यात लपवण्यासारखं काही नाही, भागवत सरही रडले, त्यांनी ते सर्दीवर ढकललं.

चष्मा काढल्यावर राधाकृष्ण उठून त्यांच्यापाशी गेला. त्यानं विचारलं, 'साडेबारा वाजले होते?'

'हो. फाटकावर घड्याळ होतं.'

'मी साडेतीनपर्यंत बसलो होतो,' तो म्हणाला. मग त्यानं विचारलं, 'एकटीच गेली होतीस?'

'एकटीच.'

अनुश्रीनं सहज विचारलं, 'आजी, पण पहिली गाडी का सोडली?'

वहिनी म्हणाल्या, 'अशीच. गर्दी होती.'

मित्रहो, सकाळी साडेसहाच्या गाडीला, पन्नास वर्षांपूर्वी, वसमतच्या स्टँडवर कसली गर्दी? गाडीत ड्रायव्हर, कंडक्टर आणि दोन दूधवाले असायचे. वहिनींनी गाडी सोडली, कारण त्या माझी वाट पाहत होत्या.

मी आलो नाही. आजारी नव्हतो. पहाटे उठलो, अंघोळ केली, धोतर नेसलो, आणि मग मला त्या हमीपत्रावरची माझी सही आठवली. तुरुंगाच्या फाटकावर कुणी पाहिलं तर? पुन्हा धरलं तर? आमच्या वावरात त्या दिवशी हळद शिजत होती. मी तसाच कढईपाशी जाऊन बसलो आणि संध्याकाळपर्यंत जाळ घालत राहिलो. मी सोबत असतो तर काय केलं असतं? काही शौर्य करायचं नव्हतं. शिपायानं विचारलं असतं, मी नाव सांगितलं असतं. बाईमाणसाच्या सोबत गडी जातो तो यासाठीच. चार अक्षरं उच्चारायची होती मला, आणि तेवढ्याला मी गेलो नाही.

नंतर मला वाटलं, मी आलो नाही म्हणून वहिनी गेल्याच नसतील. तसं धरून चाललो. बरं वाटायचं तसं धरलं की. त्या एकट्या गेल्या असतील, हे मनात येऊच दिलं नाही. वहिनींनी तर पन्नास वर्षांत मला कधी विचारलं नाही. दिवाळीला गेलो की चहा, फराळ, 'किसनभाऊजी, पोरांचं कसं काय,' सगळं जसंच्या तसं. आणि त्या दिवशी चष्मा काढल्यावर, सगळ्यांसमोर, नवऱ्यानं सरळ विचारल्यावरसुद्धा त्यांनी माझ्याकडं नजर वळवली नाही. गर्दी होती म्हणाल्या. राधाकृष्णनं माझी वळकटी कोठडीतून काढली आणि वहिनींनी मला स्टँडवरून काढलं. नवरा-बायकोनं एकमेकांना न विचारता मला वाचवलं.

राधाकृष्ण, तू माझ्याकडं असं पाहू नको. तुला हे आज कळतंय, मला माहीत आहे. घरी ये, काय बोलायचं ते बोल. माझी तयारी आहे.

अनुश्री, बाळ, निरोपाचं भाषण तुझं आणि बोलतोय मी माझंच. तू उद्या निघतेस. उद्या त्याच शहरात हा चित्रपट दाखवायचा आहे, आणि तिथून तू नोकरीला हैदराबादला जाशील. कार्यक्रम मंगळवारीच ठेवलास, हे तुझं डोकं. आजीला सोबत नेतेस, हे तुझं काळीज. राधाकृष्णच्या गुडघ्यांना प्रवास झेपत नाही. तू आधी पेट्या घेऊन जीपनं जाणार, म्हणून शनिवारी तू मला विचारलंस, 'आजोबा, आजीबरोबर एसटीनं याल का?' आणि मी काय म्हणालो? 'बघतो, सांगतो.' सवय जात नाही माणसाची. तुझ्या पेट्यांतले काही चष्मे तू वाचनालयाला भेट दिलेस, त्याबद्दल सगळ्यांच्या वतीनं आभार. जिथं जाशील तिथं माणसांना फाटकावर थांबवत जा आणि नाव विचारत जा. सुखी राहा.

आता आवरतं घेतो. या संधीबद्दल अध्यक्षांचे आभार, घंटी हळू वाजवल्याबद्दल मधुवंतीताईंचे आभार, आणि चहा थंड होत असतानाही बसून राहिलात म्हणून आपणा सर्वांचे आभार. बोलण्याच्या ओघात काही उणंअधिक निघून गेलं असेल तर अध्यक्षांनी आणि सभागृहानं ते पोटात घालावं, अशी रीतीप्रमाणे विनंती करतो.

पण वहिनी, ती माफी भाषणापुरती झाली. दुसरी तुमच्याकडं मागायची आहे, आणि ती सभागृहाला देता येणार नाही. इथं उत्तर देऊ नका, लोकांपुढं तुम्हाला पुन्हा बोलायला लावणार नाही. उद्या मंगळवार आहे. साडेसहाची गाडी अजूनही आहे, मी काल स्टँडवर जाऊन विचारून आलो. मी सहालाच येऊन बसतो. तुम्हाला यायचं असेल तर या. आणि मला थोडी वाट पाहायला लावायची असेल, तर खुशाल दुसऱ्या गाडीला या.

नमस्कार.